उशिरा पोचलेले अ जीवनसत्त्व

मित्रांनो, मी अ जीवनसत्त्वाच्या औषधाची एक जुनी बाटली आहे. माझ्या पोटात दाटसर, गोड, नारिंगी औषध होते. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना सहा महिन्यांतून एकदा ते चमचाभर द्यायचे आणि त्यांची नजर राखायची, एवढेच माझे काम.

कारखान्यातून निघताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. पण ते साल दुष्काळाचे होते आणि लातूर नुकतेच वेगळा जिल्हा झाले होते. आमची खोकी कोणत्या जिल्ह्याच्या नावावर उतरवायची, याचा कागदच सापडेना. गोदामात आमच्यावर फायली रचल्या गेल्या. सात आठवडे मी अंधारात पडून होते.

इकडे देवणीजवळच्या एका खेड्यात चांगुणा नावाची बाई रोजगार हमीवर खडी फोडत होती. तिची तीन वर्षांची सुजाता दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळू लागली. चांगुणा तिला कडेवर घेऊन उपकेंद्रात आली.

“सिस्टर, पोरीला सांजचं दिसंना झालंय. दिवा म्होरं असून म्हणती, आई, दिवा लाव की.”

शिवकांता सिस्टर म्हणाल्या, “औषध सरलंय, बाई. दोनदा मागवलंय. तवर हिरवी भाजी खाऊ घाला तिला.”

“भाजी कुठून आणू? हिरीत पाणी न्हाई, रानात काडी न्हाई.”

शेवटी सिस्टर स्वतः एसटीने गोदामावर आल्या. फायली बाजूला सारून त्यांनी मला बाहेर काढले. परतीच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईला त्यांनी ही सारी हकिकत सांगितली, तेव्हा मला ती कळली.

आम्ही पोचलो. तोवर सुजाताला गोवर येऊन गेला होता. दोन्ही डोळ्यांत फूल पडून नजर गेली होती. सिस्टरांनी तरीही चमचा भरला. “गोड हाय,” सुजाता म्हणाली.

चांगुणाने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. “अजून एक चमचा द्या की, सिस्टर.”

सिस्टर तिथेच खाली बसल्या. पुढे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही नजर परत येणार नाही असेच सांगितले.

उरलेले औषध गावातल्या इतर लेकरांना मिळाले. लोकांनी माझे कौतुक केले. मला ते ऐकवले नाही.

मित्रांनो, दिवेलागणीला एखादे लेकरू अडखळले, तर त्याला हसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात न्या. आणि मोठेपणी तुमच्या हाती गोदामाची किल्ली आली, तर आधी खोकी उघडा. लेकरांची नजर कागदाची वाट पाहत नाही.