बेचक्याच्या काठ्या

आमच्या परसात कपड्यांची दोरी एकच, पण तिला टेकू द्यायच्या बेचक्याच्या काठ्या पंधरा.

कारण डल्सी, माझ्या आईची बहीण. आमच्यात आईची बहीण म्हणजे आईच, हाकही तीच. माय मरो पण मावशी उरो, तसं माझं झालेलं. गोऱ्यांच्या सरकारला ते मंजूर नाही. आम्ही काळे या देशाचे मूळ रहिवासी, तरी नागरिकत्व आम्हाला अर्ज करून मागावं लागतं; माझ्याकडे त्याचा दाखला आहे, फोटोसकट. आमचे लोक त्याला कुत्र्याचा बिल्ला म्हणतात. दाखला हवा तर काळ्या नातलगांत ऊठबस बंद. आईबाप, भावंडं, पोरं चालतील, मावशी नाही. दाखला गेला की गावातलं घर गेलं आणि माझ्या मर्लची शाळाही. पोरीसाठीच घेतला मी तो. गोरे शेजारी तरीही उंबरा चढत नाहीत, आणि गावाबाहेरच्या वस्तीवर राहणाऱ्या आमच्या माणसांना चढता येत नाही. रविवारचा चहा मी भिंतीकडे बघत पितो.

गोऱ्यांच्या मागच्या दारी काठ्या विकायची मात्र आमच्या बायकांना मुभा. म्हणून डल्सी दर सोमवारी काठी घेऊन यायची. "काठी हवी का, साहेब?" शेजारणीला ऐकू जाईल असं ओरडायची आणि मग हळूच, "मेल्या, वाळलास किती!"

एका सोमवारी ती खुर्चीत चहा पीत होती आणि फौजदार आत आला.

"ही कोण रे, सेड्रिक?"

'आई' ओठांवर आलं होतं. पण अर्जात 'आई मयत' मीच लिहिलेलं.

"काठीवाली."

"काठीवालीला खुर्ची? उद्या पलंग देशील!"

डल्सी चटकन उठली. "चुकलं, साहेब. पाय दुखत होते." मग माझ्याकडे वळून, "येते, साहेब." या वेळी त्यात चेष्टा नव्हती. आई गेली तेव्हाही मला इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

ती परत आली नाही.

पाचव्या सोमवारी तिचा मुलगा अर्नी फाटकाशी उभा, खांद्यावर काठी. "काठी हवी का, साहेब?" डोळे सुजलेले. मग हलक्या आवाजात, "चारला पुरतोय तिला. ही तिनं तुझ्यासाठी तासून ठेवलेली. येतोस ना?"

पलीकडे शेजारीण चादर वाळत घालता घालता थांबली होती. तेवढ्यात मर्ल शाळेतून आली.

"बाबा, हे कोण?"

अर्नी माझ्याकडे बघत राहिला. आमच्यात तो माझा भाऊ.

"काठीवाला," मी म्हणालो.

मर्लनं काठी घेतली आणि बाकीच्या चौदांशेजारी नीट उभी केली. चार वाजून गेले तरी मी परसातच होतो.