ललिता तायडेचं शिफारसपत्र

अमरावतीच्या एका कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या काळात किती मुलांना इंग्रजी आलं हे सांगता येणार नाही, पण माझ्या सर्टिफिकेटावर नोकरीला लागलेली माणसं अचलपूरपासून वरूडपर्यंत आजही सापडतील. माझा साचा ठरलेला होता. ‘मी यांना गेली चार वर्षे ओळखतो. हे सुस्वभावी व आज्ञाधारक असून वरिष्ठांच्या शब्दाबाहेर नाहीत. कोणत्याही चळवळीशी यांचा संबंध नाही.’ कॉलेजची पितळी घंटा चोरणाऱ्यालाही मी हेच लिहून दिलं होतं. तो पुढे ट्रेझरीत लागला आणि मला वाटतं, चांगलं काम करून निवृत्त झाला.

ललिता देवमन तायडे एकसष्ट साली आमच्याकडे आली. राहणारी अकोल्याची. बाप तिथल्या एका प्रेसमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. शास्त्र शाखेच्या मुलांना इंग्रजी सक्तीचं होतं, म्हणून ती माझ्या वर्गात बसे. पहिल्याच महिन्यात मी देवीच्या लसीचा धडा घेत होतो. डॉक्टरनं एका लहान पोराला लस टोचली आणि जगाचं कल्याण झालं, इथवर मी आलो, तेव्हा मागच्या बाकावरून ती उठली.

“सर, त्या पोराले कोनी विचारलं होतं काय?”

धड्याखाली दहा प्रश्न छापले होते. त्यात हा नव्हता. मी तिला खाली बसवलं आणि पुढचे दोन दिवस लायब्ररीत काढले. असं चार वर्षं चाललं.

तिचा मोठा भाऊ धर्मपाल आजारी असायचा. हातापायांचे सांधे असे दुखायचे, की बाविशीचा गडी जमिनीवर पडून लोळायचा. अकोल्याच्या डॉक्टरनं वात सांगितला. ललितानं त्याला विचारलं, “वात असन तं डोळे पिवळे कायले होतात?” डॉक्टरनं तिला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बसल्याबसल्या तिनं एका वहीत नातेवाइकांची नावं लिहायला सुरुवात केली. कोणाचे सांधे दुखतात, कोणाचे डोळे पिवळे, कोणाची मुलं विशीच्या आत गेली. दोन वर्षांत आजूबाजूच्या सात गावांतली एक्केचाळीस माणसं त्या वहीत आली. ती वही घेऊन ती नागपूरला एका मोठ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी धर्मपालचं रक्त काचेवर घेतलं आणि तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. गोल असायला हव्या त्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या.

“याच्यावर दवा काय?” तिनं विचारलं.

“दवा नाही,” ते म्हणाले. “कोणी शोधली तर होईल.”

हे ती मला सांगत होती, तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. जणू वरच्या फळीवरचा डबा काढायचा आहे आणि स्टूल तेवढं मिळालं पाहिजे.

ते स्टूल अमेरिकेत होतं. नागपूरच्या त्याच डॉक्टरांनी तिला एका विद्यापीठाची माहिती दिली. सात वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटी दोन पदव्या: एक वैद्यकीची, दुसरी संशोधनातली डॉक्टरेट. निवड झाली तर सगळा भार त्यांचाच. परदेशातल्या विद्यार्थ्यासाठी त्या वर्षी एक जागा होती.

अमरावतीत हे कोणाला पटेना. आमच्याकडे दोन तऱ्हेचे डॉक्टर लोकांना माहीत होते, एक दवा देणारा आणि एक न देणारा. आमचे प्राचार्य दुसऱ्या तऱ्हेचे होते. संस्कृतात डॉक्टरेट. घरावर पाटी होती, त्यामुळे सकाळी दोनचार जण खोकल्यासाठी येऊन बसायचे, आणि प्राचार्य त्यांना सुंठ सांगायचे. एकच माणूस दोन्ही कशाला होईल, असं त्यांनी ललिताला विचारलं.

“दवा देनाऱ्याले माहीत नाई का रोग काहून होते,” ती म्हणाली. “आन ज्याले माहीत हाय तो रोग्याजवळ बसत नाई. मले दोन्ही पाह्यजे.”

पासष्टच्या ऑगस्टमध्ये फॉर्म आला. त्याला तिनं स्वतःचा निबंध जोडायचा होता आणि तीन शिक्षकांची गुप्त पत्रं. दोघा शास्त्राच्या प्राध्यापकांनी मार्क उतरवून दिले आणि सही केली. तिसरं पत्र उमेदवाराला माणूस म्हणून ओळखणाऱ्याचं हवं होतं. ती माझ्याकडे आली.

“सर, जसं हाय तसं लिवजा.”

“तू काळजी करू नको,” मी म्हटलं. “माझं पत्र आजवर परत आलेलं नाही.”

फॉर्मवर छापील प्रश्न होते. चौथा असा: उमेदवार वरिष्ठांनी सांगितलेले जसेच्या तसे स्वीकारतो, की स्वतः तपासून पाहतो?

हा प्रश्न मी तीन वेळा वाचला. त्याचं कारण सांगतो. त्याच वर्षाच्या सुरुवातीला भूमिहीनांचा सत्याग्रह झाला होता आणि ललिताचा बाप देवमन त्यात अकरा दिवस तुरुंगात बसून आला होता. त्यानंतर साध्या वेशातला एक पोलीस कॉलेजात येऊन मला विचारून गेला होता की ही मुलगी वर्गात उलटं बोलते काय. मी म्हटलं, छे. आणि अमेरिकेबद्दल तर आम्ही ऐकून होतो, की तिथे लाल रंगाचा नुसता संशय आला तरी माणसाला बोटीवरून उतरू देत नाहीत. अशा देशानं कागदावर विचारावं, हिला शंका येतात काय? मी चौतीस वर्षांचा होतो आणि सापळा ओळखण्यात स्वतःला फार हुशार समजत होतो.

मी लिहिलं. फॉर्मवर चार ओळींची जागा होती, मी वेगळं पान जोडलं. इंग्रजी उत्तम साधलं होतं. ‘कुमारी तायडे अत्यंत आज्ञाधारक आहे. गुरुजनांनी दिलेले ज्ञान ती निःशंकपणे स्वीकारते. चार वर्षांत तिने मला एकदाही प्रश्न विचारला नाही.’

हे मी घरी बायकोला मराठीत वाचून दाखवलं. जमुना पोळ्या लाटत होती.

“आवो, हे कोनाबद्दल लिवलं?”

“ललिताबद्दल.”

“ते आपल्याकडं येते ते? मागच्या रविवारी तिनं मले इचारलं, उपास बायाच काहून करतात. मी अजून इचार करून राहिली.”

“सर्टिफिकेट माणसाबद्दल नसतं,” मी म्हटलं. “समोरच्याला काय हवं त्याबद्दल असतं.”

“मंग तिचं नाव तरी कायले टाकलं?” जमुना म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

मी पाकीट बंद केलं, चिकटवलेल्या जागेवर नियमाप्रमाणे सही केली आणि स्वतः पोस्टात नेऊन दिलं.

उत्तर सहासष्टच्या मार्चमध्ये आलं. ललिता अकोल्याहून बसनं आली आणि पत्र माझ्या हातात दिलं. जमुनानं तिच्यापुढे चहा ठेवला.

पहिला परिच्छेद छापील होता, निवड झाली नाही म्हणून. खाली निवड समितीतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. त्याचा अर्थ असा: तुमचा निबंध आम्ही दोनदा वाचला. त्यातला एक्केचाळीस माणसांचा तक्ता पाहून माझे दोन सहकारी जागेवरून उठले. ज्याला असा प्रश्न पडतो असाच विद्यार्थी आम्ही शोधत होतो. परंतु तुम्हाला चार वर्षे जवळून ओळखणारे शिक्षक खात्रीने सांगतात, की तुम्ही कधी प्रश्न विचारत नाही. तेव्हा हा निबंध तुमचा स्वतःचा, की कोणी सांगितलेला, यावर समितीचे एकमत होऊ शकले नाही. हे तुम्हाला कळवणे नियमात बसत नाही, पण न कळवणे मला जमले नाही.

मी पत्र पुन्हा वाचलं. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला इंग्रजी कळत नाही असं होत नाही, तरी वाचलं.

“सर,” ललिता म्हणाली, “माह्याबद्दल असं कोनी लिवलं असन?”

शास्त्राचे दोघं प्राध्यापक होते. त्यांची नावं जिभेवर होती. एकाची तर बदली होऊन तो यवतमाळला गेला होता. खोटं अगदी सोयीचं होतं आणि मी तोंड उघडलंही होतं.

“यांनीच लिवलं,” जमुना म्हणाली. “मले वाचून दाखवलं होतं.”

ललितानं माझ्याकडे पाहिलं. मी पोलिसाचं सांगितलं, देवमनच्या तुरुंगाचं, चौथ्या प्रश्नाचं. तुला जपण्यासाठी लिहिलं, असंही म्हणालो. माझं संपल्यावर ती म्हणाली, “निबंध मीच लिवला होता, सर.”

“मला माहीत आहे.”

“हो. तुमाले माहीत होतं.”

चहावर साय धरली होती. तिनं ती बोटानं बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला. दिलेलं टाकून जायची तिला सवय नव्हती.

त्या आठवड्यात मी अमेरिकेला चार पानी पत्र पाठवलं. जन्मात पहिल्यांदा कोणाबद्दल खरं लिहीत होतो, त्यामुळे इंग्रजी फारसं साधलं नाही. लस, वात, पिवळे डोळे, जमुनाचे उपास, सगळं घातलं. जूनमध्ये उत्तर आलं. जागा भरली होती. पुढल्या वर्षी परदेशासाठी जागा ठेवली तर कुमारी तायडे यांनी नव्याने अर्ज करावा.

मी ते घेऊन अकोल्याला गेलो. ती घराबाहेरच्या ओट्यावर धर्मपालचे पाय चोळत बसली होती. धर्मपालनं मला पाहून उठायचा प्रयत्न केला आणि पडून राहिला.

“पुढल्या वर्षी कर अर्ज,” मी म्हटलं. “मी आधीपासून नीट लिहितो.”

“सर, तिथं आता तुमचे दोन कागद हायेत. एकात लिवलं का मी काईच इचारत नाई. दुसऱ्यात लिवलं का इचारल्याबिगर राहत नाई. सही दोन्हीवर तुमचीच. कोनता खरा धरतीन ते?”

सवयीनं तिला खाली बस म्हणावं, तर ती बसलेलीच होती.

“इथल्या एका शाळेत विज्ञानाची जागा हाय,” ती म्हणाली. “दाखला मांगतात. तुमी दिला तं होते.”

“काय लिहू?”

“ते पयलंच लिवा. इथं तेच चालते.”

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मला ओळखू आला असता, शब्दांमागचं ओळखणं हा माझा धंदाच. तिला खरोखरच दाखला हवा होता. मी ओट्यावरच लिहिला. सुस्वभावी, आज्ञाधारक, शब्दाबाहेर नाही. आठ दिवसांत तिला नेमणूक मिळाली. माझं पत्र आपल्या मुलखात कधी वाया गेलं नाही.

सदुसष्टच्या दिवाळीनंतर धर्मपाल गेला. शेवटचे नऊ दिवस दुखणं उतरलंच नाही. मला पंधरा दिवसांनी कळलं. बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो तेव्हा देवमन कामावर निघायच्या तयारीत होता. मला पाहून त्यानं शर्ट परत खुंटीला लावला.

“जयभीम, सर. बसा. मनकर्णा, सर आले. जेवल्याबिगर जाऊ द्याचं नाई.”

मनकर्णा म्हणजे ललिताची आई. तिनं ताट वाढलं. मी नको नको म्हणत होतो, पण त्या घरात मी पाण्यापलीकडे कधी काही घेतलं नव्हतं, आणि त्या दिवशी नको म्हणण्याचा अर्थ काय होईल हे मला कळत होतं. बसलो. ललिता चुलीजवळ भाकरी थापत होती. तिच्या पदराला खडूचा डाग होता.

देवमन म्हणाला, “सरांनी लय केलं पोरीसाठी. अमेरिकेले दोनदोनदा लिवलं. कोन लिवते एवढं?”

मी ललिताकडे पाहिलं. तिनं तव्यावरची भाकर उलटवली. तेव्हा मला समजलं की दीड वर्षात तिनं घरी काही सांगितलं नव्हतं. अमेरिकेनं नाही म्हटलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मनकर्णा माझ्या समोर भिंतीला टेकून बसली. “नाई म्हटलं ते बरंच झालं, सर. मी आधी लय रडली. पन आता वाटते, ते तिकडं असती तं याच्याजवळ कोन बसलं असतं? शेवटी तो माह्या हातचं पानी घ्याचा नाई. ललिते, तूच दे, म्हने. नऊ दिवस पोरीनं डोळ्याले डोळा लावला नाई. त्या अमेरिकावाल्याचं भलं होवो.”

घास तोंडातच राहिला. देवमनला वाटलं, तिखट लागलं. त्यानं पाण्याचा गडू पुढे सरकवला.

“माय,” ललिता म्हणाली, “सरांले जेवू दे.”

ती उठून आली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली. मी ती खाल्ली.