माझ्या खणात अडकलेला कागद

मित्रांनो, मी एक जुनी शिलाईची पायमशीन आहे. मेडशीला अमरदीपच्या घरात खिडकीखाली उभी असते. माझ्या अंगावरचं कंपनीचं नाव केव्हाच पुसलं गेलं. लोक म्हणतात, ही फार कुरकुरते. हो, कुरकुरते. चार-चार महिने तेलाचा थेंब मिळाला नाही तर तुम्हीही कुरकुराल.

अमरदीपची पहिली बायको रेजिना लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिच्या वडिलांनी मला वाशीमच्या एका दुकानातून तिच्यासोबत पाठवलं. गावात ख्रिस्ती घरं इनमिन अकरा. त्या अकरा घरांतल्या बाळांची बाप्तिस्म्याची पांढरी झबली माझ्यावरच शिवली गेली. काय थाट होता तेव्हा माझा! मग रेजिनाला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. तिची रुचिका तेव्हा दोन वर्षांची होती. माझ्यावर लाकडी खोकं घातलं गेलं, खोक्यावर गोधड्यांची चळत आली. दीड वर्ष मी त्या अंधारात काढलं. कोंडून राहणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

मग पौर्णिमा आली, अनसिंगची. दुसरेपणावर दिलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं गोधड्या उतरवल्या आणि रॉकेलच्या फडक्यानं माझा गंज पुसून काढला. आधीच्या बाईची वस्तू म्हणून तिनं मला अडगळीत टाकलं नाही. रुचिका माझ्या पायडलवर येऊन बसायची. पौर्णिमा तिला उठवायची नाही, काम थांबवून तिच्याशी बोलत राहायची. असं बोलता बोलता ती त्या पोरीची आई झाली. आज रुचिका सतरा वर्षांची आहे, आणि तिच्यामागे पौर्णिमाची स्वतःची धाकटी, सहा वर्षांची.

अमरदीप बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे. फादर वाशीमहून महिन्यातून दोनदा येतात, बाकीच्या रविवारी प्रार्थना तोच चालवतो. गेल्या पावसाळ्यात शेजारची एक म्हातारी वारली. नाल्याला पूर, फादर पलीकडे अडकलेले. अमरदीपनं जमेल तशी प्रार्थना म्हटली आणि तिला माती दिली. त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. देव आपल्याला बोलावतोय, असं त्याला वाटू लागलं. फादर म्हणाले, लग्न झालेला माणूसही डीकन होऊ शकतो. डीकन बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, दफनविधी करतो, फक्त मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, अर्पण करत नाही. त्यासाठी तीन-चार वर्षं शिकावं लागतं. आणि त्याआधी बायकोची लेखी संमती लागते.

तो संमतीचा कागद अमरदीपनं एका सकाळी माझ्यावर ठेवला.

"सही करून ठेवजो. संध्याकाळी घेतो," म्हणाला आणि दुकानात निघून गेला. जणू गॅसच्या पुस्तकावर सही हवी होती.

पौर्णिमानं कागद दोनदा वाचला. मग घडी करून माझ्या खणात, बॉबिनच्या खाली सरकवला.

पाच आठवडे तो तिथंच होता. अमरदीप विचारत नव्हता, ती सांगत नव्हती. तो दारात उभा राहून माझ्या खणाकडे बघायचा आणि तसाच निघून जायचा. त्याचं सगळं स्वप्न माझ्या पोटात कोंडलेलं, आणि तिचा जीवही त्याच कागदाखाली घुसमटलेला. प्रार्थनेला गेली की बायका म्हणायच्या, "तुह्या एका सहीवर अडलं हाय सारं, बाई." घरी येऊन ती मला इतक्या जोरात चालवायची की धागा तीन-तीनदा तुटायचा. त्यात पावसानं माझा खण फुगला आणि घट्ट बसला.

एका रविवारी फादर चहाला आले. त्यांनी हळूच विषय काढला. पौर्णिमानं कप खाली ठेवला.

"फादर, त्या कागदात लिहिलं हाय, बायको मेली तं यायले दुसरं लग्न करता येत नाही. खरं हाय?"

"खरं आहे. खास परवानगी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही."

"मंग मले सांगा. रेजिनाताई गेल्या तवा हे डीकन असते, तं मी या घरात आली असती का? या रुचिकाले कोणं पाह्यलं असतं? मी खुद दुसरी हावो, फादर. उद्या मी मेली तं माह्या धाकटीले कोण हाय?"

रुचिका स्वयंपाकघराच्या दारात रडू लागली. फादर म्हणाले, "बाई, तुम्ही नाही म्हणालात तर ते नाहीच. तुमच्यावर कुणाचा जोर नाही."

अमरदीप तिच्याकडे वळला. "तू कवा बोलली नाई मले."

"तुमी कवा इचारलं? मशीनवर कागद ठेवून चालले गेले."

अमरदीप माझ्यापुढे खाली बसला. खण ओढला, हलेना. पाय टेकवून ओढला तसा अख्खाच बाहेर आला. बॉबिनी, बटणं, खडू, सगळं घरभर. फादरसुद्धा वाकून गोळा करू लागले. कागद अमरदीपच्या हाती लागला. त्याचे डोळे भरले होते.

"चुकलं माह्यं. नाई म्हणायचं असन तं नाई म्हण. मी इथंच हावो."

"मले टाइम द्या," ती म्हणाली.

त्यानं प्रार्थनाघरातला मेणबत्तीचा तुकडा माझ्या खणाला घासला. आता तो एका बोटानं उघडतो. संध्याकाळी अमरदीप माझ्याजवळ जमिनीवर बसतो, काहीतरी विचारतो. कधी ती उत्तर देते, कधी नाही. गेल्या आठवड्यात तिनं टेप काढली आणि त्याला उभं केलं.

"माप घेऊन ठेवतो," ती म्हणाली. "डीकनचा पांढरा झगा शिवीन का नाई, ते मी ठरवीन."

तो हात पसरून उभा राहिला.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या मशीनला तेल द्या, खणाला मेण लावा. आणि कुणाची सही हवी असेल तर कागद ठेवून निघून जाऊ नका. जवळ बसा, 'नाही' ऐकायचीही तयारी ठेवा.

तो कागद अजून माझ्या खणातच आहे. सहीची जागा कोरी आहे. मागच्या बाजूला मात्र पौर्णिमानं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: खांदा साडेसतरा.