बी-श्याचं नाव

"बाबा, आईचा पासवर्ड टाकला. स्क्रीन काळीच आहे."

"काळीच असते. एंटर दाब."

फोनवर माझ्या मुलीने, यू-छिंगने, सुस्कारा सोडला. ती घरी, मी च्यायी शहरातल्या दवाखान्यात. संध्याकाळी पित्ताशय काढणार. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. त्यांचं काय जातंय म्हणायला! हृदय माझं अधू.

नोंदणी कचेरीत सव्वीस वर्षं मी मेलेल्यांची नावं कमी करतोय. बी-श्याचं, माझ्या बायकोचंही, मीच केलं. पण विद्यापीठाच्या जुन्या बीबीएसवरचं, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या संगणकी फलकावरचं, तिचं नाव मात्र मरू दिलं नाही. तिथे एकशेवीस दिवस आत गेलं नाही, की नाव पुसलं जातं आणि मग कुणीही उचलतं. म्हणून चार वर्षं मीच तिच्या नावाने आत जातो. आज एकशे अठरावा दिवस. माझं काही बरंवाईट झालं, तर यू-छिंगला हे यायला हवं. नाहीतर संपलंच.

"अगं बाई! बाबा, ही आई?"

आईच, अक्षरांनी रंगवलेली. तिथे फोटो चढत नाहीत, नुसती अक्षरं. कॉलेजात मी एक प्रोग्रॅम लिहिला होता, फोटोची रंगीत अक्षरं करणारा, आणि सगळ्यांना फुकट वाटला होता. पहिलं पत्र आलं ते बी-श्याचं: 'तुमच्या प्रोग्रॅमने माझ्या मांजराचा करपलेला मुळा केला.' असा राग आला होता मला! मग तिनेच शिकवलं. आपलं एक चिनी अक्षर स्क्रीनवर दोन घरं अडवतं. अर्ध्याला काळा रंग द्या, अर्ध्याला पांढरा, की डोळा जिवंत होतो. मी ते प्रोग्रॅममध्ये घातलं. डोळे जमले, लग्नही जमलं.

"स्क्रीनशॉट काढून ठेवते ना. दर वेळी ही कटकट कशाला?"

"चित्रं माझ्याकडे ढीगभर आहेत. नाव एकच आहे."

माझं लक्ष मांडीवरच्या लॅपटॉपकडे गेलं. यू-छिंगला नीट जमतंय का बघायला मी माझ्या नावाने आत शिरलो होतो. मित्रांच्या यादीत बी-श्याचं नाव हिरवं झालं होतं, म्हणजे ती आत आहे. चार वर्षांत हे पाहिलंच नव्हतं. तिच्या नावाने आत असलो, की माझं बंद असायचं. इतकं एकटं मला तिला पोचवून आलो तेव्हाही वाटलं नव्हतं. वेड्यासारखं मी टाइप केलं: जेवलीस का?

"बाबा, कुणीतरी आईला विचारतंय, जेवलीस का. कोण हे?"

"असेल कुणी जुन्या ओळखीचं."

"त्यांना माहीत नाही वाटतं. सांगू का, की आई..."

"नको!" माझा आवाज फाटला. "लिही, जेवले."

"बाबा, असं कसं..."

"लिही ना गं."

टकटक ऐकू आली. तिच्या नावापुढे अक्षरं उमटली: जेवले. तुम्ही?

'तुम्ही?' मी सांगितलं नव्हतं. ऑपरेशनसाठी सकाळपासून मला पाण्याचा थेंबही दिला नव्हता.

मी लिहिलं: हो, पोटभर.