पटांगणाखालची पोकळी आणि मी

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेल एवढा नारिंगी डबा, खाली बोटभर टोकदार खिळा आणि बाजूला वायर, असा हा मी जुना जिओफोन, मोबाइल नव्हे हं! जमिनीची थरथर ऐकायची, एवढंच माझं काम. माझ्या पोटात एक लोहचुंबक आहे आणि स्प्रिंगवर झुलणारं तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. जमीन हलली की दोघांत चुळबुळ होते आणि वायरीतून खबर जाते. ते वेटोळं कारखान्यातल्या एका बाईंनी भिंगातून बघत बसवलं. काय हलका हात होता त्यांचा! अजून एक फेरा सैल झालेला नाही.

पुढचं आयुष्य भावंडांबरोबर एका वायरीवर गेलं. आम्हाला ओळीने जमिनीत रोवतात, टोकाला लोखंडी पाटावर हातोडा मारतात आणि कोणापाशी हादरा कधी पोचला ते पडद्यावर बघतात. हातोडा मारणाऱ्याला सगळे पैलवान म्हणत. अंगाने अगदी काडी, पण नाव पैलवान. हातोडा पडताना बाकीच्यांनी जिथल्या तिथे थिजायचं, कारण आम्ही पावलंही ऐकतो. एकदा कोणाला तरी शिंक आली, तर तीसुद्धा नोंदली गेली.

एकदा आम्हाला एका शाळेत नेलं. तिथल्या पटांगणात नवे वर्ग बांधायचे होते. पण उपग्रहाची बऱ्याच वर्षांची चित्रं जुळवल्यावर जमीन जराशी खचतेय असं दिसलं होतं. उपग्रह हुशार खरा, पण त्याला जमिनीची पाठ दिसते, पोट दिसत नाही. खाली भरीव आहे की पोकळ, ते आम्हीच सांगायचं होतं.

मुख्याध्यापिका बाई कडेला उभ्या होत्या. "लवकर हो म्हणा," त्या आमच्या प्रमुख ताईंना म्हणाल्या. "पोरं व्हरांड्यात वाऱ्यापावसात बसतात. बघवत नाही मला."

हातोडा पडला. भावंडांपाशी हादरा ठणठणीत पोचला. माझ्यापाशी आला तो उशिरा, आणि तोही मरगळलेला. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"म्हातारा बहिरा झालाय, ताई," पैलवान वैतागून म्हणाला. "याची नोंद गाळून टाका. बाकी सगळं छान आहे."

"म्हणजे काम सुरू करायचं ना?" बाईंचा चेहरा खुलला.

मला फार लागलं. जे ऐकलं तेच मी सांगत होतो. ताईंनी पडद्यावरची माझी रेघ पुसायला बोट पुढे केलं, आणि मग हात मागे घेतला.

"बहिरा असेल तर कुठेही बहिराच राहील," त्या म्हणाल्या. "याला शेजारच्याच्या जागी लाव, आणि शेजारच्याला याच्या जागी."

अदलाबदल झाली. आता मला हादरा वेळेवर आला, स्वच्छ आला. आणि माझ्या जागी गेलेल्या त्या नव्याकोऱ्या भावाला उशिरा आला, तसाच मरगळलेला. पैलवानाने हातोडा खाली ठेवला.

तिथे भोक पाडायचं ठरलं. गिरमिट थोडं खाली गेलं आणि एकदम सुळकन आत घुसलं. खाली दगडाच्या जुन्या खाणीचा बोगदा होता, आणि हादऱ्याला त्या पोकळीला वळसा घालून यावं लागत होतं. तो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता.

मुख्याध्यापिका बाईंनी भोकात डोकावून पाहिलं. "तिथे पहिलीचा वर्ग येणार होता," त्या हळूच म्हणाल्या.

इमारत पटांगणाच्या दुसऱ्या अंगाला, भक्कम जमिनीवर उभी राहिली. पैलवानाने त्या दिवशी माझा खिळा स्वतःच्या सदऱ्याने पुसला. मी आता पेटीत वरच्या कप्प्यात असतो आणि अगदी मजेत आहे.

एकच मागणं आहे, मित्रांनो. आम्हा यंत्रांना पुसा, कोरडं ठेवा, जपा. पण आम्ही तुम्हाला नको असलेलं उत्तर दिलं, तर लगेच मोडीत काढू नका. आधी ते उत्तर पुन्हा एकदा तपासून बघा. त्यावर कोणाचा तरी वर्ग भरणार असतो.