न कोसळलेला उतार

रंगनाथनाना म्हटलं की मला आधी त्यांच्या बोटांचा आवाज ऐकू येतो. पौषातल्या सकाळी, सूर्य अजून वर यायचा असताना, आमच्या शहराच्या कडेला असलेल्या गोगाबाबाच्या टेकडीवर पसरलेल्या त्या करड्या, कोरड्या प्रकाशात ते प्रत्येक कातळावर मुडपलेल्या बोटांनी टकटक करीत फिरायचे आणि मान किंचित कलती करून ऐकायचे. भरीव कातळाचा नाद निराळा, आतून सुटलेल्या कातळाचा निराळा. आम्ही त्यांच्या गिर्यारोहण गटातली माणसं दोर खांद्यावर टाकून, थंडीत हात चोळत ताटकळायचो आणि यांचं ऐकणं काही संपायचं नाही. त्यांच्या त्या संथपणाचा मला पहिल्या दिवसापासून राग यायचा.

पाचोडजवळच्या धनगरवस्तीवर ते वाढले, पुढे वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर लागले, आणि शिफ्ट सुटली की झोपायचं सोडून डोंगर चढू लागले. उन्हाळ्यात प्यायचं पाणीसुद्धा टँकरने येतं अशा मुलखातल्या या माणसाला बर्फाचं वेड कुठून लागलं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यांचे वडील मेंढीच्या पाठीवरची लोकर दोन्ही हातांनी फाकवून मुळाशी कातडी कशी आहे ते बघायचे. नाना तसेच बर्फात कमरेइतका खड्डा खणून त्याच्या उभ्या भिंतीवरून हात फिरवायचे. कुठल्या थरात मूठ शिरते, कुठे चार बोटं, कुठे एकच बोट आणि कुठे नुसती पेन्सिल, एवढ्यावरून सबंध हिवाळा ते वरून खाली वाचत जायचे: इथे वारा सुटला होता, इथे आठवडाभर आभाळ निरभ्र होतं, इथे थंडीने कहर केला होता. मी शाळेत भूगोल शिकवायची. हिमस्खलन हा शब्द वर्षानुवर्षं फळ्यावर लिहूनही तो बोटांना लागतो, हे मला नानांकडे बघून कळलं.

माझ्या वाट्याला एकच हिवाळी मोहीम आली. चाळिशी दारात उभी होती, उजवा गुडघा कुरकुरू लागला होता आणि पुढच्या वर्षी मुलीची दहावी होती. या खेपेला जमलं तर जमलं, नाहीतर कधीच नाही, हे मला आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात आमच्या शहराची रीत अशी की, माणूस निघायच्या आधीच त्याचा सत्कार उरकून घ्यायचा. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली आणि कुणा उत्साही हितचिंतकाने क्रांती चौकात भलामोठा फ्लेक्ससुद्धा चढवला: 'शिखरवीरांचे हार्दिक अभिनंदन'. नाना सोडून आम्हा नऊ जणांचे फोटो, मधोमध गॉगल लावलेली मी, आणि आम्ही अजून गाडीतही बसलो नव्हतो. नानांनी तो फ्लेक्स खालपासून वरपर्यंत वाचला आणि पलीकडच्या टपरीवर चहा सांगितला.

हिमाचलातल्या त्या डोंगरावर फेब्रुवारी संपत आला होता. दोन दिवस बर्फ पडला, एक दिवस वारा बेभान सुटला, आणि चौथ्या दिवशी सकाळ उजाडली ती इतकी निर्मळ की, डोळ्यांना तिचा भार व्हावा. शिखर दोन-अडीच तासांवर होतं. मध्ये एकच मोठा उतार होता, वाऱ्याच्या आडोशाचा, त्याच वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाने भरलेला, वरून अगदी गुळगुळीत. कुठे तडा नव्हता, कुठे आवाज नव्हता. नाना कडेच्या सुरक्षित जागी, त्याच दिशेला तोंड असलेल्या एका लहानशा टप्प्यावर खड्डा खणायला बसले.

वरचा थर घट्ट होता, पावलाला विश्वास देणारा. त्याच्याखाली हातभर खोल मात्र कोरड्या साबुदाण्यासारखे सुटे दाणे, मुठीत आवळले तरी एकमेकांना न धरणारे. फावड्याने चारी बाजूंनी मोकळा केलेल्या बर्फाच्या खांबावर त्यांनी हलक्या थापा मारल्या, आणि चौथ्या-पाचव्या थापेला वरचा ठोकळा अलगद पुढे सरकून त्यांच्या मांडीवर आला. त्यांनी हातमोजा काढून ते दाणे बोटांत चोळले, वर बघितलं, पुन्हा चोळले.

"वरचं खालच्याला धरून नाय," ते म्हणाले. "माघारी फिरायचं."

मी भांडले. आठ जणांच्या देखत, वर्गात कधी चढला नव्हता असा आवाज चढवून भांडले. उतार कोसळेलच अशी खात्री आहे का, म्हणून विचारलं, नाय म्हणाले. आपण सगळे नीट जाऊन येऊ असंही होऊ शकतं ना, म्हटलं. व्हय म्हणाले, लई वेळा तसंच होतं. माझा प्रत्येक मुद्दा ते मान्य करीत होते आणि एकीकडे दोराची वेटोळी करीत होते. ज्याच्याशी भांडता येत नाही अशा माणसाइतका वैताग दुसरा नाही. शिखर उन्हात लखलखत होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून उतरत होते. मला रडू येत होतं, तेही संतापाने.

खालच्या तळावर दुसऱ्या एका गावचा सात जणांचा गट होता. संध्याकाळी नाना त्यांच्या तंबूत गेले, खड्ड्यात जे दिसलं ते सांगून आले. त्यांनी आदराने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच उतारावर चढू लागले.

नाना उताराच्या बाजूला, बर्फ पोचणार नाही अशा उंचवट्यावर जाऊन उभे राहिले. हातात फावडं, पाठीवर गाडलेल्या माणसाचा ठाव घ्यायच्या लांब सळ्या. दुपारपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. मी जरा मागे एका खडकावर बसले होते. सात काळे ठिपके शिखरावर पोचले, थांबले, आणि पुन्हा त्या शुभ्र उतारावर एकामागोमाग एक उतरले. मी टक लावून बघत होते, आणि कशाची वाट बघत होते हे मला पक्कं माहीत होतं. फार नाही, उतार थोडासा सरकावा, एवढंच माझ्या मनात होतं. आम्ही बरोबर होतो एवढं दिसावं. सात माणसं त्यावर चालत असताना मी हे मनात आणलं.

नानांनी मागे वळून बघितलं. किती वेळ बघत होते, कुणास ठाऊक.

"बाई, असं नका बघू त्यांच्याकडं," ते हळूच म्हणाले. "उतरू द्या."

ते उतरले. सगळेच्या सगळे, हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारीत. नानांनी फावडं बर्फात रोवलं आणि त्यांच्या म्होरक्याला कडकडून मिठी मारली. नानांचा तो आनंद इतका खरा होता की, मला तिथे उभं राहवेना. उतार तसाच राहिला, उन्हात तुकतुकीत. पुढे वसंतात तो कधीतरी निमूटपणे वितळून गेला असणार.

त्यानंतर मी पुन्हा गेले नाही, जमलंच नाही. नाना जात राहिले आणि निम्म्याहून अधिक वेळा माघारी फिरत राहिले. तरुण पोरं कंटाळून दुसऱ्या गटांत गेली. नानांनी कधी स्वतःची बाजू मांडली नाही. कशाच्या जोरावर मांडणार? जे घडू दिलं नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न मला छळायचा, त्यांना नाही, आणि याचाही मला रागच यायचा.

गेल्या मार्गशीर्षात ते हृदयविकाराने गेले. शोकसभेत वक्ते त्यांच्या नावापुढे जोडायला एखादं मोठं शिखर शोधत होते आणि अडखळत होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. उभी राहिले तर समोर त्या मोहिमेतले आठही जण बसलेले: एकाच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, एकाची साखर वाढलेली, एकीच्या मांडीवर नात पेंगुळलेली. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. तो उतार आमच्या पायांखाली कोसळला असता की नाही, हे मला कधीच कळणार नाही, आणि नानांनाही ते कळलं नव्हतं. मी त्यांच्यावर अठरा वर्षं चिडून राहिले; चिडायला अठरा वर्षं मिळाली, हे ध्यानात यायला मात्र त्यांना जावं लागलं.