उष्टा प्याला

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका चर्चमधला, प्रभुभोजनाचा जुना तांब्याचा प्याला आहे. तांबटाने मला ठोकून घडवले आणि आतून कल्हई केली. कारण येशूचे रक्त म्हणून माझ्यातून सर्वांना दिला जाणारा द्राक्षरस आंबट असतो आणि उघड्या तांब्याशी त्याचे जमत नाही. मंडळी मला पवित्र म्हणत. स्वच्छ मात्र मी कधीच नव्हतो. मिसरी, तंबाखू, सर्दीने ओले झालेले ओठ, सारे एकाच काठाला टेकत. प्रत्येकानंतर पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तेच फडके काठावरून फिरवीत. त्याने जंतू मरत नाहीत. सर्वांना सारखे वाटले जातात. त्याचे मंडळींना कधी काही वाटले नाही.

मग गोजरबाई आली. सांगोल्याकडची, मेंढरांमागे आयुष्य गेलेली. तिला कोणी बोलावले नव्हते. तिच्या ओठांवर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे कोणताही डॉक्टर सांगेल. पण तिच्या बाकावर कोणी बसत नसे. उपासना सुटली की ती वेदीसमोर पुटपुटे, “येशूबाबा, लोकांच्या तोंडनं तुझं लई ऐकलं. आता तूच भेट की.”

उत्तर आलेले मी ऐकले नाही. ती मात्र येत राहिली. शेवटी तिचा बाप्तिस्मा झाला आणि माझ्यातून पहिला घोट घेण्याचा तिचा रविवार उजाडला.

मंडळीतले पंच ईरप्पा हे पाळक रावजींच्या कानाशी लागले. “साहेब, तिला शेवटाला द्या. म्हंजे तिच्यामागं कुणी न्हाय.”

तसेच झाले. सर्वांचे उरकल्यावर ती गुडघे टेकून प्याली. पण या हुशारीत दोघे आपलाच नियम विसरले होते. उरलेला रस टाकायचा नसतो. तो पाळकाने तिथेच संपवायचा असतो.

रावजींनी माझ्यात डोकावून पाहिले. “ईरप्पा, माझं पित्त खवळलंय. तुम्हीच घ्या.”

“मला शुगर हाय की, साहेब!”

“मग बाहेर झाडाच्या बुडाशी ओता.”

गोजरबाई अजून उठली नव्हती. तिने हात पुढे केले. “त्याचं रगत म्हनून दिलं न्हवं मला? मग मातीत कशाला घालता? आना हिकडं. माझं उष्टं मला चालतंय.”

तिने मला तळापर्यंत रिकामे केले. रावजींनी मला परत घेतले ते फडक्यात धरून. मित्रांनो, घाणीची मला सवय होती. त्या दोन स्वच्छ धुतलेल्या चेहऱ्यांची मात्र किळस आली.

पुढच्या रविवारी कागदी कप आले. कारण आरोग्याचे सांगितले. गोजरबाईला तोही शेवटीच मिळतो. मी आता कपाटात असतो; कल्हई उडाली आहे, हिरवट कळंक चढतो. उपासनेनंतर ती मला चिंचेने घासते आणि घासता घासता तिच्या प्रभूशी बोलते. तो ऐकतो की नाही, हे मला सिद्ध करता येत नाही. तिचे बोलणे खरे आहे, एवढी साक्ष मी देऊ शकतो.

म्हणून विनंती एवढीच. भांडी उकळत्या पाण्याने धुवा, कल्हई वेळेवर करा. आणि कधी एखाद्या माणसाची किळस आली, तर आधी आपल्या हातातले फडके तपासा.